जुन्या गाडीचं जड स्टेअरिंग: कुठे तेल, कुठे ग्रीस?

जुनी गाडी ठेवणं आता महाग झालंय. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती १०,००० रुपये झाली. बेळगाव, चिकोडी, गोकाक, कुठल्याही आरटीओत गाडी नेली तरी आकडा तोच. एवढे पैसे भरून जी माणसं वडिलांची पद्मिनी किंवा स्वतःची पहिली मारुती ८०० जपतात, त्यांची गाडी तपासणीत निदान स्टेअरिंगवरून तरी अडू नये, असं मला मनापासून वाटतं. कारण स्टेअरिंगचं दुखणं बहुतेक वेळा टाळता येण्यासारखं असतं.

अडचण अशी की आपल्याकडे या दुखण्यावर एकच औषध चालतं. बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजच्या दारात हा संवाद ऐकू येतो:

“मेस्त्री, स्टेअरिंग लई जड झालंय की ओ.”

“ग्रीस मारूया की काका, त्यात काय.”

ग्रीस मारलं जातं, चार दिवस बरं वाटतं, आणि सहा महिन्यांनी गाडी पुन्हा त्याच दारात उभी राहते. कधी कधी ग्रीस हे बरोबर औषध असतं. पण स्टेअरिंगच्या काही भागांत ग्रीस भरणं म्हणजे तो भाग कोरडा चालवण्यासारखंच आहे. कुठला भाग कुठल्या जातीचा आणि त्याला काय लागतं, एवढं गाडीवाल्याला माहीत असलं पाहिजे.

(हा लेख पॉवर स्टेअरिंग नसलेल्या, म्हणजे हाताच्या जोरावर वळणाऱ्या गाड्यांबद्दल आहे. पॉवर स्टेअरिंगच्या यंत्रणा आणि त्यांचं तेल वेगळं असतं. त्यात यातलं काही करू नका.)

चाक फिरवलं की खाली काय होतं?

चकलीचा आट्यांचा पितळी सोऱ्या आठवा. दट्ट्या नुसता हाताने दाबून घट्ट पीठ बाहेर येत नाही. दांडा फिरवला की दट्ट्या आट्यांवरून हळूहळू खाली सरकतो आणि तेच पीठ सहज येतं. जोर कमी लागतो, बदल्यात दांडा पुष्कळ वेळा फिरवावा लागतो. जुन्या गाडीचं स्टेअरिंग हाच सौदा करतं. पुढची चाकं १ अंश वळवायला हातातलं चाक साधारण १५ ते २० अंश, काही गाड्यांत त्याहूनही जास्त फिरवावं लागतं. म्हणून तर बारीक चणीची माणसंही जीप वळवू शकतात.

हा सौदा करणाऱ्या यंत्रणा दोन घराण्यांच्या आहेत.

पहिलं घराणं बॉक्सवाल्यांचं. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला आटे असलेला तुकडा असतो, त्याला वर्म म्हणतात. त्या आट्यांत एक दातेरी तुकडा किंवा रोलर अडकलेला असतो. वर्म फिरला की तो झुलतो, आणि त्याच्या शाफ्टला लावलेला आर्म पुढे टाय रॉड, म्हणजे चाकांना वळवणारी दांडी, ओढतो-ढकलतो. हे सगळं एका बंद बिडाच्या डब्यात बसलेलं असतं, तो स्टेअरिंग बॉक्स. १९६४ पासून कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० डिलाईट आणि पुढे तिचीच झालेली पद्मिनी या घराण्यातली. जुन्या विलीस धाटणीच्या जीपमध्येही बॉक्सच, फक्त आतली रचना थोडी निराळी. मारुती जिप्सीचा बॉक्स त्याच जातीचा पण सुधारलेला: आटे आणि नट यांच्या मधून पोलादी गोळ्या फिरत राहतात, त्यामुळे घासण्याऐवजी लोळणं होतं.

दुसरं घराणं रॅक-पिनियनचं. रॅक म्हणजे एका बाजूला दाते पाडलेली आडवी पोलादी दांडी, पिनियन म्हणजे तिच्यावर बसलेलं छोटं दातेरी चाक. पिनियन फिरलं की दांडी डावी-उजवीकडे सरकते. अॅम्बॅसिडर, मारुती ८०० आणि ओम्नी या घराण्यातल्या.

ओळखायला सोपं आहे. बॉनेट उघडून स्टेअरिंगचा दांडा खाली कुठे जातो ते बघा. चासीला किंवा बॉडीला बोल्ट केलेला, वर झाकण आणि प्लग असलेला डबा दिसला तर बॉक्स. आडवी नळी आणि तिच्या दोन टोकांना चुण्याचुण्यांचे रबरी बूट दिसले तर रॅक.

इंजिनचं वंगण आणि हे वंगण एक का नाही?

इंजिनमधला शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्या वेगानेच तेल दोन धातूंच्या मधे ओढलं जातं आणि शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. स्टेअरिंगमध्ये असा वेगच नाही. चाक थोडं फिरतं, थांबतं, परत येतं. दाब मात्र प्रचंड असतो, विशेषतः गाडी उभी असताना चाक वळवलं तर. अशा ठिकाणी तेलाचा थर पिळून बाहेर जातो आणि धातू धातूला टेकतो.

म्हणून इथे लागणाऱ्या गिअर ऑईलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं मिसळलेली असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाच्या पृष्ठभागावर एक अतिपातळ संरक्षक थर तयार करतात. डब्यावर ‘ईपी’ लिहिलेलं असतं ते यासाठी, आणि ‘९०’ किंवा ‘८०डब्ल्यू-९०’ हा दाटपणाचा आकडा. आपल्या दुकानांत नुसतं “नव्वद नंबर” म्हटलं तरी हेच देतात, पण डबा हातात घेऊन एक गोष्ट नक्की वाचा: ‘जीएल-४’ की ‘जीएल-५’. जीएल-५ मध्ये ती रसायनं जास्त असतात, आणि पितळ-कांशाच्या बुशांना (शाफ्ट ज्यात फिरतो त्या छोट्या नळ्यांना) ती खाऊ शकतात. जुन्या बॉक्समध्ये असे बुश असू शकतात. गाडीच्या पुस्तकात दुसरं काही सांगितलेलं नसेल तर जीएल-४ घ्या.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढे ती उपयोगी पडेल. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. म्हणजे वर्मच्या सगळ्या लांबीपैकी मधला छोटा तुकडाच सतत घासतो. झीज मधे होते, दोन्ही टोकं जवळपास नवी राहतात.

बॉक्समध्ये ग्रीस भरलं तर बिघडतं काय?

बॉक्स जुना झाला की खालच्या शाफ्टचं ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गळायला लागतं. अंगणात तेलाचे डाग पडतात. मग कोणीतरी सुचवतं, “ग्रीस भरा, गळायचंच नाही.” आणि खरंच गळत नाही. म्हणूनच हा सल्ला इतका पसरलाय.

पण आत काय होतं बघा. चकलीच्या घट्ट पिठातून बोट फिरवलं तर बोटामागे खाच राहते, पीठ परत येऊन ती भरत नाही. नेहमीचं चासी ग्रीस तसंच वागतं. वर्म दोन-चार वेळा फिरला की आपल्या वाटेतलं ग्रीस बाजूला सारतो, स्वतःपुरती पोकळी करून घेतो, आणि त्या पोकळीत कोरडा फिरत राहतो. झाकण उघडलं तर डबा ग्रीसने गच्च दिसतो, त्यामुळे मालक निर्धास्त. दाते मात्र सुकलेले असतात. तेल वाहून परत जागेवर येतं, ग्रीस येत नाही. सगळा फरक एवढ्यात आहे.

शिवाय वरचं बेअरिंग आणि बुश तेलाच्या उडण्यावर, पाझरण्यावर जगतात. ग्रीस तिथवर पोचतच नाही.

मग गळतीचं काय करायचं? सरळ उत्तर: सील बदला. सील महाग नसतं, त्याच्या कडेवर मापं छापलेली असतात, आणि त्या मापाचं सील बेअरिंगच्या दुकानात मिळतं. शाफ्टचा बुश झिजून शाफ्ट हलत असेल तर नवं सीलही टिकणार नाही, आधी बुश करावा लागेल. याबाबतीत बेळगावकर नशीबवान आहेत. फौंड्री आणि मशीनिंगचं हे गाव, उद्यमबागेत लेथवाल्यांना तोटा नाही. जुना बुश आणि शाफ्ट दोन्ही घेऊन गेलात तर मापाने नवा बुश करून मिळतो. ज्या पार्टला कंपनीने कधीच राम राम म्हटलाय तो आपल्या गावात तयार होतो, ही मला मोठी गोष्ट वाटते.

सील मिळेपर्यंत मधला मार्ग हवाच असेल तर तोही आहे. ग्रीसच्या दाटपणाला ‘एनएलजीआय’ नावाचे क्रमांक असतात. आपलं नेहमीचं ग्रीस २ क्रमांकाचं. ०० क्रमांकाचं ग्रीस इतकं पातळ असतं की ते हळूहळू का होईना वाहतं आणि खाच भरून काढतं. कारखान्यांच्या गिअरबॉक्ससाठी ते विकलं जातं. काही बनावटीच्या बॉक्सना तर मुळात तसलंच ग्रीस सांगितलेलं असतं. गळक्या बॉक्ससाठी ते चालेल. २ क्रमांकाचं चालणार नाही.

बॉक्समध्ये तेल भरायचं कसं?

चाकं सरळ ठेवा. प्लगच्या भोवतालची माती आधी ब्रशने आणि फडक्याने नीट काढा, नाहीतर प्लग उघडताच ती आत पडते. प्लग काढून बोट किंवा स्वच्छ तार घालून तेलाची पातळी आणि रंग बघा. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल हवं. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ते सगळं काढावं लागेल. कमी असेल तर तेलाच्या पिचकारीने सावकाश भरा. पुढची चाकं उचलून स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा हळू फिरवा म्हणजे अडकलेली हवा निघेल, मग पातळी पुन्हा बघा. लागणारं तेल थोडंच असतं, लिटरचा डबा आणला तर बराच उरतो.

आधीच्या कोणी ग्रीस ठासलेलं असेल तर वरून तेल ओतून भागणार नाही. झाकण उघडून ग्रीस काढणं, रॉकेलने धुणं, पूर्ण वाळवणं आणि मग तेल भरणं, हे काम जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्या.

रॅकचा हिशेब उलटा

मारुती ८०० च्या रॅकला तेलाचा प्लग नसतो. कारखान्यातच आत ग्रीस भरलेलं असतं आणि दोन टोकांचे रबरी बूट ते सांभाळतात. बूट शाबूत तर रॅक वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. बूट फाटला की दिवस भरायला लागतात.

आपल्या भागात बूट फाटणं किती वाईट, हे इथल्या रस्त्यांवरून कळतं. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याला जाताना पावसाळ्यात चाकाखालून सतत पाणी उडत असतं, आणि त्या पाण्यात खानापूरची लाल माती, बारीक मुरूम असतो. फाटक्या बुटातून ते रॅकच्या दात्यांवर बसतं. ग्रीसमध्ये मुरूम मिसळला की पॉलिश पेपरसारखी घासणी सुरू होते, आणि पाण्याने दांडीला गंज चढतो. अथणी-चिकोडीकडे ऊसाच्या हंगामात काळ्या मातीचा चिखल सुकून बुटाच्या चुण्यांत अडकतो आणि रबर तिथेच चिरतं. वरून बूट चांगला वाटला तरी चाक पूर्ण वळवून, चुण्या उलगडून आत बघा.

बूट नुकताच फाटला असेल आणि आतलं ग्रीस स्वच्छ असेल तर नवा बूट बसवताना स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं, बाहेर आलेली दांडी आणि आतला बॉल जॉईंट पुसायचा, चांगल्या लिथियम ग्रीसचा थर द्यायचा. थर म्हणजे थरच. बूट ठासून भरू नका. स्टेअरिंग वळलं की एक बूट मिटतो, दुसरा उघडतो, आणि आतली हवा इकडून तिकडे जाते. ग्रीसने ती वाट बुजली तर बूट फुगून क्लिपमधून सुटतो किंवा फाटतो. ग्रीसमध्ये माती दिसली, तर मात्र रॅक खाली उतरवून धुतल्याशिवाय उपाय नाही. मातीवर नवं ग्रीस लावणं वाया.

जुन्या ब्रिटिश रॅकचा अपवाद लक्षात ठेवा. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांच्या रॅकमध्ये ग्रीस नव्हे, तर नव्वद नंबरचं तेलच निप्पलमधून (वंगण भरायच्या छोट्या तोटीतून) मोजून भरायचं असे. अॅम्बॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डची लेक, म्हणून तिच्या रॅकवर निप्पल दिसलं की लगेच ग्रीस गन लावू नका. आधी गाडीचं पुस्तक उघडा.

मग ग्रीस गन लावायची कुठे?

जिथे निप्पल आहेत आणि ज्या जागा मुळात ग्रीसच्याच आहेत तिथे: किंगपिन, म्हणजे ज्या उभ्या खिळीभोवती पुढचं चाक वळतं ती, आणि निप्पल असलेले टाय रॉडचे सांधे. निप्पलचं तोंड पुसा, गन लावा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत मारा, बाहेर आलेलं पुसून टाका. किंगपिनला ग्रीस मारताना चाक जमिनीवरून उचललेलं असू द्या. गाडीचं वजन असताना दाबाखालच्या बाजूला ग्रीस शिरतच नाही. रबरी टोपी असलेल्या सांध्यात टोपी किंचित फुगली की थांबा.

वेगवेगळ्या जातींचं ग्रीस मिसळू नका. काही जाती एकमेकांत मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात. लिथियमचं एकदा धरलं की तेच ठेवा.

“सगळं केलं, तरी जडच आहे”

मग दोष दुसरीकडे असेल. आधी पुढच्या टायरची हवा बघा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. त्यानंतर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढची चाकं उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर नको. आता स्टेअरिंग फिरवा. हलकं झालं तर बॉक्स-रॅक ठीक आहेत. टायर, हवा किंवा अलाईनमेंटकडे बघा. उचलूनही जडच राहिलं तर टाय रॉड सोडवून पुन्हा फिरवा. हलकं झालं तर दोष किंगपिनमध्ये किंवा सांध्यांत, जडच राहिलं तर बॉक्स, रॅक किंवा वरच्या दांड्याच्या बुशात. टाय रॉड सोडलेला असताना स्टेअरिंग टोकाला आपटू नका, गोळ्यांच्या बॉक्सला त्याने इजा होते.

वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नसेल, तर कोरडा किंगपिन किंवा अडकलेला सांधा हा पहिला संशयित.

“प्ले आलाय, स्क्रू आवळून देतो”

प्ले म्हणजे चाकं न हलता स्टेअरिंग जितकं मोकळं फिरतं ते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम ३० अंशांपेक्षा जास्त प्ले चालू देत नाही, आणि स्टेअरिंगच्या बॉल जॉईंटवर रबरी टोप्या असल्याच पाहिजेत असंही सांगतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे १० सेंटिमीटर. माझ्या मते हे फार झालं. रॅकवाल्या गाडीत यातलं थोडंही जाणवू नये.

बॉक्सवरचा स्क्रू आवळून प्ले कमी होतो, हे खरं. पण झीज मधेच होते, हे वर आलंच आहे. झिजलेल्या मध्यावर अजिबात प्ले राहणार नाही इतका स्क्रू आवळला, तर न झिजलेल्या टोकांना दाते आवळले जातात. घाटाच्या वळणावर स्टेअरिंग टोकाजवळ अडकलं तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून स्क्रू चाकं सरळ असताना, अगदी थोडाथोडा फिरवायचा, आणि प्रत्येक वेळी टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघायचं. कुठेही अडलं तर स्क्रू मागे घ्यायचा. आणि त्याआधी टाय रॉडचे सांधे तपासायचे, कारण प्ले पुष्कळदा तिथला असतो. झिजलेले दाते तेलाने भरून येत नाहीत. ते बदलावेच लागतात.

डिझेलचा फवारा आणि इतर घरगुती उपाय

पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑईल फवारून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पत्र्याला त्याचा थोडा उपयोग होत असेल, पण डिझेल ग्रीस पातळ करतं आणि रबरी बूट, टोप्या फुगवून मऊ करतं. ज्या बुटावर रॅकचं आयुष्य टिकून आहे त्याच्यावरच हा मारा होतो. फवारा मारायचाच असेल तर पुढची चाकं आणि रॅकचा भाग वगळायला सांगा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार पाण्याचा झोतही बुटाच्या क्लिपवर धरू देऊ नका.

गंज सोडवणारे स्प्रे अडकलेल्या नटासाठी चांगले. सांध्यांवर मारले तर आतलं ग्रीस धुऊन काढतात.

किती दिवसांनी?

गाडीचं पुस्तक हाताशी असेल तर त्यातलं अंतर पाळा. नसेल तर आपल्या हवामानाचा वर्षाचा हिशेब धरा. मे महिन्यात, पावसाआधी: बूट आणि टोप्या तपासणं, निप्पलना ग्रीस, बॉक्सची पातळी. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरल्यावर: निप्पलना पुन्हा ग्रीस, कारण पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं, आणि बॉक्सचा प्लग उघडून तेल दुधाळ झालं नाही ना ते बघणं. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तरी हे चुकवू नका. उभ्या गाडीत ग्रीस सुकतं आणि किंगपिन जागच्या जागी गंजतात. नूतनीकरणाची तारीख जवळ आली असेल तर हे काम तपासणीच्या आदल्या दिवशी न काढता महिनाभर आधी काढा, म्हणजे एखादा सांधा किंवा बुश बदलावा लागला तरी लेथवाल्याकडे जायला वेळ राहील.